प्रवाळ लावण्याआधी: किलिफीच्या किनाऱ्यावर वर्गणी कशावर खर्च करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही केनियातल्या मोम्बासात नोकरीला आहात. किलिफीच्या बाजूच्या एका मासेमार गावाशी ओळख झाली आणि ऑफिसातल्या, मंडळातल्या लोकांनी वर्गणी काढून तिथे प्रवाळाची लागवड करायचं ठरवलं. तुकडे किती लावायचे, कशावर बसवायचे, कोणत्या महिन्यात, आणि डायव्हिंग शिकलेले सात-आठ स्वयंसेवक कितपत उपयोगी पडतील, हे तुम्हाला हवं आहे.

सगळ्याचं उत्तर देतो, पण क्रम उलटा ठेवून. लागवड शेवटी घ्या. पैसे कमी असतील तर घेऊच नका.

मालिंदीपासून खाली शिमोनीपर्यंत किनाऱ्याला समांतर प्रवाळाची कड गेली आहे, बहुतेक ठिकाणी अर्धा ते दोन किलोमीटर आत. कड आणि किनारा यांच्या मधलं उथळ पाणी हीच गावाची शेती. तिथे समुद्री गवत आहे, वाळू आहे, मधूनमधून प्रवाळाचे गड्डे आहेत. या पाण्यात प्रवाळाचं 'बी' कमी पडतंय म्हणून प्रवाळ नाही, अशी समजूत करून घेतली की लागवडीची कल्पना सुचते. बी प्रवाहाबरोबर येतच असतं. 1998 च्या उष्णतेत इथला निम्म्याहून अधिक प्रवाळ अनेक जागी मेला. त्यानंतर मासेमारी बंद असलेल्या पार्कांत तो काही प्रमाणात परत आला, आणि तो कोणी हाताने लावलेला नव्हता. तेव्हा तुमच्या गावासमोर तो परत का येत नाही, हे आधी शोधायला हवं.

बहुतेक वेळा उत्तर अर्चिनमध्ये सापडतं. खडकाच्या खाचेत बसणारे काटेरी गोळे तुम्ही पाहिले असतील. ते शेवाळ खरवडून खातात आणि खरवडताना चुन्याचा खडकही पोखरतात. त्यांना खाणारा मुख्य मासा म्हणजे नारिंगी रेघांचा ट्रिगरफिश. तो संथ, धीट आणि गळाला सहज लागणारा, त्यामुळे मासेमारी वाढली की पहिल्या काही जातींत तोच संपतो. तो संपला की अर्चिन बेसुमार वाढतात. मग नव्याने चिकटलेलं दाण्याएवढं प्रवाळ शेवाळाबरोबर खरवडलं जातं. प्रवाळाचे अभ्यासक टिम मॅक्लॅनहन यांनी केनियाच्या पार्कांत आणि पार्कांबाहेर 1980 च्या दशकापासून वर्षानुवर्षं मोजण्या करून ही साखळी दाखवली आहे. त्यातला त्रासदायक भाग असा की मासेमारी थांबवली तरी ट्रिगरफिश परत यायला वर्षं नाही, दशकं लागतात.

हे तुमच्या जागी लागू आहे की नाही ते एका सकाळीत कळतं. 1.78 मीटर लांबीची दोरी घ्या. एक टोक खडकावर धरून वर्तुळ फिरवलं की जवळजवळ 10 चौरस मीटर होतात. त्यातले अर्चिन मोजा, खाचांत बोटभर आत डोकावून, कारण छोटे तिथेच लपतात. वेगवेगळ्या गड्ड्यांवर अशी दहा वर्तुळं करा. माझा अंदाजाचा हिशेब असा: वर्तुळात पाच-दहा निघाले तर अर्चिन ही मुख्य अडचण नाही. पन्नासच्या पुढे आकडा जात असेल तर तिथे लावलेला प्रत्येक तुकडा त्यांच्या तोंडी जाणार.

मग अर्चिन हातोडीने फोडून टाकूया, असं कोणीतरी हमखास सुचवतं. करून पाहिलेला प्रकार आहे. शेवाळ खाणारे मासे जागेवर नसतील तर अर्चिन काढल्यावर शेवाळच माजतं आणि प्रवाळाला जागा मिळत नाही ती नाहीच. मासे आधी लागतात.

दुसरी तपासणी गाळाची. सबाकी नदी मालिंदीच्या उत्तरेला समुद्राला मिळते आणि वरच्या शेतांची लाल माती घेऊन येते. कस्काझी वारा, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते मार्चमधला ईशान्येचा, वाहत असताना तो गाळ दक्षिणेला मालिंदीच्या पार्काकडे सरकतो. तुमचं गाव किलिफीजवळ असेल तर सबाकी लांब आहे, पण खाडीच्या तोंडाशी किंवा नव्या बांधकामाखाली असाल तर परिस्थिती वेगळी. प्रवाळाच्या गड्ड्यावर हाताने पाणी हलवा. धुरळा उठून खाली बसायला वेळ लागत असेल तर समुद्रात काहीही करून उपयोग नाही, आधी जमिनीवरची माती अडवायला हवी.

तिसरी गोष्ट उष्णता, तिच्याकडे लागवडीच्या वेळी येतो.

आता गावाच्या हातात असलेला उपाय: पाण्याचा एक छोटा तुकडा मासेमारीसाठी बंद करणं. केनियात याला टेंगेफू म्हणतात. सरकारी पार्क आणि टेंगेफू यांत फरक काय, तर टेंगेफूची हद्द गाव ठरवतं आणि पहाराही गावच ठेवतं. वरून आलेल्या घोषणेचं काय होतं ते आपल्याला मालवणात ठाऊक आहे. 1987 मध्ये अभयारण्य जाहीर झालं आणि मच्छीमारांचा विरोध तेव्हापासून चालू राहिला. केनियातल्या डियानीत तेच घडलं. 1995 मध्ये सागरी राखीव क्षेत्र राजपत्रात आलं, पण स्थानिक मासेमारांनी ते प्रत्यक्षात उतरू दिलं नाही. याउलट मटवापा आणि किलिफीच्या मध्ये, विपिंगोजवळच्या कुरुवितूत 2003 पासून वडीलधाऱ्यांनी आपसात बोलायला सुरुवात केली आणि 2005 मध्ये सुमारे 30 हेक्टर पाणी बंद केलं. ते आजही ओळखलं जातं, 2017 मध्ये त्यांना संयुक्त राष्ट्रांचं इक्वेटर पारितोषिक मिळालं. तुमच्या गावापासून ते तासाभराच्या अंतरावर असेल. गावातल्या चार मासेमारांना आणि दोन बायकांना मटाटूचं, म्हणजे इथल्या मिनीबसचं, भाडं देऊन तिथे एक दिवस पाठवा. वर्गणीतला हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात वसूल होणारा खर्च. तुम्ही सोबत जाऊ नका. मासेमार मासेमारांना जे विचारतात ते पाहुण्यासमोर विचारत नाहीत.

कायद्याची बाजू थोडक्यात. 2007 च्या नियमांनुसार मासळी उतरवण्याच्या प्रत्येक जागी बीच मॅनेजमेंट युनिट, म्हणजे मासेमारांची स्थानिक संघटना, असतं, सगळे त्याला बीएमयू म्हणतात. बंद क्षेत्राचा ठराव बीएमयूच्या सभेत, सभासदांच्या सह्यांनिशी व्हायला हवा, आणि मग काउंटीच्या मत्स्य अधिकाऱ्यामार्फत सह-व्यवस्थापन आराखड्यात जायला हवा. ते झालं नाही तर पकडलेल्या माणसावर कारवाई करायला आधारच राहत नाही, फक्त भांडण होतं. सभेला नावाडी आणि जाळीवाले येतात, पायी ओहोटीला उतरणाऱ्या बायका बऱ्याचदा येत नाहीत. त्यांची नावं सभासदांच्या यादीतही नसतात. पण उथळ खडकांवर रोजचा वावर त्यांचाच. त्यांना न विचारता आखलेली रेघ पहिल्या उधाणाच्या ओहोटीलाच मोडते.

हद्द कशी आखायची? जास्त मोठी नको. वीस-तीस हेक्टर पुरे, पण दोन अटी सांभाळा. एक, होड्या उतरतात तिथून ती उघड्या डोळ्यांनी दिसली पाहिजे, कारण दिवसाचा अर्धा पहारा झाडाखाली जाळं विणत बसलेले म्हातारेच करतात. दोन, तिच्यात नुसती वाळू येता कामा नये. गाव सहजासहजी जी जागा सोडायला तयार होतं ती अनेकदा निकामी असते. प्रवाळाचे गड्डे, थोडं गवत आणि शक्य असेल तर कडेतली एखादी खिंड, तिघेही आत हवेत, कारण इथले बरेच मासे लहानपणी गवतात आणि मोठेपणी खडकात राहतात. सगळ्यात चांगला खडक मागू नका, दुसऱ्या नंबरचा मागा. पहिल्या नंबरचा मागितला तर सभा तिथेच संपते.

हद्दीच्या खुणांवर थोडं जास्त लिहितो, कारण पैसे वाया जातात ते इथे. या किनाऱ्यावर मोठ्या उधाणाला भरती-ओहोटीतला फरक साडेतीन ते चार मीटर असतो. ओहोटीला दोन मीटर पाणी असलेल्या जागी भरतीला सहा मीटर होतं. बोयाची, म्हणजे तरंगत्या खुणेची, दोरी सहा मीटर ठेवली तर लाटेच्या उसळीत बोया पाण्याखाली खेचला जातो किंवा त्याला तळाशी धरून ठेवणारा काँक्रीटचा ठोकळा उचलून चालायला लागतो. म्हणून साडेसात-आठ मीटर हवी. पण मग ओहोटीला साडेपाच-सहा मीटर दोरी सैल पडते आणि तळावर गोल फिरत प्रवाळ, गवत कापत बसते. उपाय दोन, आणि दोन्ही एकदम करा. ठोकळा नेहमी मोकळ्या वाळूच्या पट्ट्यात टाका, आजूबाजूला तीन मीटरपर्यंत काही नको. आणि तळापासून मीटर-सव्वा मीटरवर दोरीला एक लहान तरंगता गोळा बांधा, म्हणजे खालचा भाग कायम ताठ उभा राहतो.

ठोकळ्याच्या वजनात लोक फसतात. काँक्रीटचं वजन समुद्राच्या पाण्यात जेमतेम 57 टक्के उरतं. जमिनीवर 100 किलोचा ठोकळा खाली गेल्यावर 57 किलोचं काम करतो. कुसी वारा, म्हणजे एप्रिल ते ऑक्टोबरमधला जोराचा दक्षिणेचा, सुरू झाला की असा एकटा ठोकळा सरकतो. प्रत्येक बोयाला असे दोन, साखळीच्या तुकड्याने जोडून टाका. 1:2:4 चं मिश्रण धरलं तर 50 किलोच्या एका पोत्यात 100 किलोचे तीन ठोकळे आरामात निघतात. किनाऱ्यावरची वाळू वापरू नका, त्यातलं मीठ आतल्या सळईला खातं. नदीची वाळू घ्या, गोड्या पाण्यात कालवा, आणि ओल्या पोत्याखाली तीन-चार आठवडे राहू द्या. घाई केली की टाकताना कोपरे फुटतात. अडकवायच्या कडीसाठी साधी सळई वाकवली तर ती गंजून पातळ होते. काँक्रीटमध्ये प्लॅस्टिकच्या पाइपाचा तुकडा बसवून त्यातून जाड दोरीचा फास घेतलेला जास्त टिकतो. शॅकल, म्हणजे पिनेने बंद होणारी जोडकडी, वापरलंत तर पिनेला तारेने बांधा, नाहीतर लाटेच्या हेलकाव्याने ती आपोआप उलगडते. स्टेनलेस आणि गॅल्वनाइज्ड एकमेकांना लावू नका. खाऱ्या पाण्यात गॅल्वनाइज्ड बाजू पाहतापाहता गळते.

बाजारातला सुंदर नारिंगी बोया चोरीला जातो. वीस लिटरचा पिवळा जेरीकॅन, आत फोम भरून, बाहेर गावाची खूण रंगवून, जास्त दिवस जागेवर राहतो. खुणा टाकण्याआधी केनिया मेरिटाइम अथॉरिटीच्या मोम्बासातल्या कार्यालयात विचारून घ्या, खिंडीतून होड्या जात असतील तर नक्कीच.

आता पहारा. बंद क्षेत्र रात्री मोडतं, आणि बहुधा गावातल्या माणसाकडून नाही. कस्काझीच्या दिवसांत टांझानियातल्या पेम्बा बेटाकडून आणि इतर गावांतून मासेमार तळ ठोकायला येतात, त्याला डागो म्हणतात. पिढ्यान्पिढ्यांची रीत आहे, ते काही चोर नव्हेत. पण त्यांना तुमची रेघ माहीत नसते, किंवा ती आपल्यासाठी नाही असं वाटतं. हंगामाच्या सुरुवातीला बीएमयूने त्यांच्या नाखव्यांना बोलावून चहापाण्यावर सांगितलं तर निम्मी भांडणं टळतात. वर्गणीतून पहारेकऱ्यांचा पगार सुरू करताना मात्र दहा वेळा विचार करा. दोन वर्षांनी वर्गणी थांबली की पहारा थांबतो, आणि 'पैसे मिळतात तोवर बंद' अशी गावाची समजूत होते. टॉर्च, रेनकोट, होडीचं पेट्रोल द्या. रोजी द्यायचीच असेल तर ती पाहुण्यांच्या प्रवेशशुल्कातून निघेल अशी सोय पहिल्या वर्षापासून लावा, आणि जमाखर्च बीएमयूच्या भिंतीवर खडूने लिहिलेला असू द्या. टेंगेफू मोडण्याचं दुसरं मोठं कारण पैशाचा संशय हे आहे.

पहिलं कारण भूक. खडकावरचे मासे दिसण्याइतके वाढायला तीन ते पाच वर्षं लागतात. तोपर्यंत ज्यांची जागा गेली ते काय खाणार? इथे ऑक्टोपस मदतीला येतो. खडकातला इथला ऑक्टोपस, ज्याला गाववाले प्वेझा म्हणतात, जेमतेम वर्ष-सव्वा वर्ष जगतो आणि त्या काळात झपाट्याने वाढतो. मादी बिळात अंडी घालते, महिनाभर न खाता राखते आणि पिल्लं निघाली की मरते. म्हणून उथळ खडकाचा एक पट्टा नुसते दोन-तीन महिने ऑक्टोपससाठी बंद केला तरी उघडताना वजन वाढलेलं हातात येतं. मादागास्करच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर अंदावादोआकात 2004 मध्ये हा प्रयोग झाला आणि तिथून तो पश्चिम हिंदी महासागरात पसरला. हे कायमच्या बंद क्षेत्राच्या शेजारी, वेगळ्या पट्ट्यात करा. बंद करण्याचा फायदा स्वतःच्या टोपलीत पाहिल्यावर सभेतला सूर बदलतो.

यातली ठरलेली चूक म्हणजे उघडण्याचा दिवस. मोठ्या उधाणाला इथली ओहोटी सकाळी दहा-अकराच्या सुमाराला असते, त्यामुळे उघडणी उधाणाच्या दिवशीच ठेवतात आणि बातमी चार गावांत जाते. शंभर माणसं लोखंडी सळया घेऊन खडकावर उतरली की तीन महिन्यांची कमाई दोन तासांत संपते, शिवाय प्रवाळ तुडवला जातो तो वेगळा. उतरणाऱ्यांची यादी आधीच करा. बिळं फोडायची नाहीत, अंड्यांवरची मादी सोडायची, अर्ध्या किलोखालचा परत टाकायचा, हे आदल्या दिवशी जाहीर करा. आणि खरेदी करणारा आधी ठरवून ठेवा. एकाच सकाळी एवढा माल आला की व्यापारी भाव पाडतो, बर्फ नसेल तर बायकांना तो घ्यावाच लागतो. तुमच्या वर्गणीतून बर्फाच्या दोन मोठ्या पेट्या आल्या तर त्यांचा उपयोग कुठल्याही प्रवाळाच्या तुकड्यापेक्षा जास्त होईल.

बंद क्षेत्राबाहेर काय चालतं तेही तितकंच महत्त्वाचं. समुद्रकिनाऱ्यावरून ओढायचं जाळं, म्हणजे आपली रापण, इथे जुया म्हणतात, आणि केनियात 2001 पासून त्याला बंदी आहे. मालवणचा वाचक इथे दचकेल, कारण आपल्याकडे रापणकर हा यांत्रिक बोटींविरुद्ध उभा असलेला पारंपरिक मच्छीमार. फरक तळाचा आहे. आपल्या वाळूच्या तळावर रापण ओढणं वेगळं, आणि इथे गवतातून, गड्ड्यांवरून बारीक आसाचं, म्हणजे लहान छिद्रांचं, जाळं फरफटवणं वेगळं. त्यात बोटाएवढे मासे येतात. पण जुयावर बहुधा गावातली सगळ्यात गरीब तरुण मुलं असतात, स्वतःची होडी नसलेली. नुसतं जाळं जप्त केलं की ती पुढच्या महिन्यात दुसरं आणतात. होडीत भागीदारी किंवा मोठ्या आसाचं जाळं बदलून देणं हे वर्गणीचं चांगलं काम आहे, मात्र जुनं जाळं सगळ्यांसमोर कापलं गेलं पाहिजे. नाहीतर ते शेजारच्या गावात विकलं जातं.

त्याहून सोपा बदल टोपल्यांमध्ये आहे. बांबूच्या पट्ट्यांचे षट्कोनी सापळे, मालेमा, इथे सर्रास वापरतात. त्यात ताफी आणि पोनो, म्हणजे रॅबिटफिश आणि गवतातला पॅरटफिश, हे विकाऊ मासे येतात, पण त्यांच्याबरोबर पिल्लं आणि चपटे फुलपाखरी मासेही, ज्यांना भाव नाही. सापळ्याच्या कोपऱ्यात सुमारे 3 सेंटिमीटर रुंदीची उभी फट ठेवली की बारीक आणि चपटे निसटतात, जाडजूड राहतात. केनियातल्या चाचण्यांत मासेमारांच्या कमाईला यामुळे धक्का बसला नाही. फट लोखंडी सळईच्या चौकटीची करा. नुसत्या बांबूत ठेवली तर पट्ट्या फुगून आठवड्याभरात ती दोन सेंटिमीटरची होते आणि मग सगळेच म्हणतात की फट चालत नाही. चौकट जुन्या सापळ्यातून काढून नव्यात बसवता येते, बांबूचं आयुष्य थोडकंच असतं.

मोजणी बंद करण्याआधी सुरू करा, नंतर केलेल्या मोजणीला तुलना उरत नाही. 50 मीटरचा टेप खडकावर अंथरा. आधी मासे मोजा, टेपच्या दोन्ही बाजूंना अडीच मीटर, म्हणजे 250 चौरस मीटरचा पट्टा, लांबीचा अंदाज पाच-पाच सेंटिमीटरच्या गटात. मग त्याच टेपवर दर अर्ध्या मीटरला खाली काय आहे ते लिहा: जिवंत प्रवाळ, शेवाळ, वाळू, मेलेला चुरा. शंभर बिंदू होतात, टक्केवारी आपोआप निघते. असे सहा पट्टे बंद होणाऱ्या जागेत आणि सहा तशाच पण उघड्या राहणाऱ्या खडकावर. उघड्या जागेचे सहा लोक गाळतात, आणि मग चार वर्षांनी मासे वाढले ते बंद केल्याने की पावसापाण्याने, हे कोणालाच सांगता येत नाही. लांबीवरून काढलेलं पट्ट्यातल्या माशांचं वजन गुणिले 40 म्हणजे हेक्टरी किलो. हिंदी महासागराच्या या बाजूला मासेमारी न होणाऱ्या खडकांवर हेक्टरी सुमारे 1000 ते 1200 किलो मासे असतात, फार उपसलेल्या खडकांवर 300 च्या खाली. तुमचा आकडा कुठे बसतो ते गावाला सभेत दाखवा, टक्केवारीपेक्षा किलोची भाषा त्यांना लगेच कळते.

पाण्यातल्या मोजणीइतकीच किनाऱ्यावरची. आठवड्यातून दोन-तीन दिवस, उतरणाऱ्या दहा होड्या निवडून माणसं किती, तास किती, साधन कोणतं आणि वजन किती एवढंच लिहायचं. नुसतं एकूण वजन लिहिलेल्या वह्या निरुपयोगी ठरतात. होड्या दुप्पट झाल्या म्हणून माल वाढला की मासा वाढला म्हणून, हे त्यातून कळत नाही. हे काम गावातल्या शाळा संपलेल्या मुलीला शिकवा, तराजू आणि वही द्या.

आता तुमची लागवड. ती कधी योग्य? सुरुंगाने किंवा नांगराने खडकाचा चुरा झालेला आहे, तो प्रत्येक लाटेला हलतो आणि त्यावर काहीच चिकटून राहत नाही, अशा जागी. टांझानियात वर्षानुवर्षं सुरुंगाने मासेमारी झाली, तिथे अशा जागा आहेत. तुमच्यासमोर अशी जागा असेल, अर्चिन कमी असतील, आणि वर सांगितलेलं बंद क्षेत्र दोन वर्षं टिकलेलं असेल, तर करा. परवानगी लागते. पार्क किंवा राखीव क्षेत्रात केनिया वाइल्डलाइफ सर्व्हिसची, बाहेर पर्यावरण प्राधिकरण नेमाची, आणि केनियाच्या सागरी संशोधन संस्थेतला कोणी सोबत असेल तर दोन्ही कामं सोपी जातात. न विचारता प्रवाळ तोडणं गुन्हा आहे, चांगल्या हेतूने तोडलं तरीही.

जिवंत गड्डा तोडू नका, लाटेने आधीच तुटून पडलेले तुकडे गोळा करा. पाच ते दहा सेंटिमीटरचे पुरे. त्याहून लहान शेवाळाखाली दबतात. सगळे फांद्यांचे ॲक्रोपोरा घ्यायचा मोह होतो, ते भराभर वाढतात आणि फोटोत छान दिसतात. पण उष्णतेत पहिले तेच मरतात. निम्मे तरी गोलसर पोरायटिससारखे घ्या. बसवण्याआधी खडकावरचं शेवाळ तारेच्या ब्रशने काढा, मग सिमेंट किंवा पाण्यात घट्ट होणारं इपॉक्सी. तुकडा जराही हलत असेल तर तो चिकटणार नाही, म्हणून फांद्यांना खिळा ठोकून पट्टीने आवळा. पहिले तीन महिने दर आठवड्याला शेवाळ घासणं आणि प्रवाळ खाणाऱ्या गोगलगाई चिमट्याने वेचणं आलं. हे कोण करणार ते ठरलं नसेल तर पहिला तुकडाही लावू नका. जुने टायर, गाड्यांचे सांगाडे बुडवायची कल्पना कोणी मांडली तर नम्रपणे नको म्हणा.

महिना? या किनाऱ्यावर पाणी सगळ्यात तापतं मार्च-एप्रिलमध्ये. जानेवारीनंतर लावलेले तुकडे जखम भरायच्या आत उष्णतेत सापडतात. कुसी ओसरल्यावरचा ऑक्टोबर आणि नोव्हेंबरचा पहिला भाग बरा. त्याआधी अमेरिकेच्या नोआ संस्थेचे प्रवाळ-उष्णतेचे नकाशे बघा, फुकट असतात. नेहमीच्या सर्वांत उष्ण महिन्यापेक्षा एक अंश जास्त तापमान चार आठवडे राहिलं की प्रवाळ पांढरा पडायला लागतो, त्याच्या दुप्पट उष्णता साठली की मरायला. 2016 आणि 2024 मध्ये इथे तेच झालं. हंगामाचा अंदाज वाईट असेल तर त्या वर्षी लावू नका, वर्गणीदारांना तसं कळवा.

खारफुटी लावण्याबद्दलही तुम्ही ओझरतं विचारलं आहे. गाझीतल्या मिकोको पामोजा या गावकऱ्यांच्या प्रकल्पाने 2013 पासून 117 हेक्टर खारफुटीत साठणाऱ्या कार्बनची श्रेयं विकून गावाला पाणी आणि शाळेसाठी पैसा मिळवून दिला आहे, पण त्यात मोठा वाटा आहे ते जंगल राखण्याचा. मोकळा दिसतो म्हणून खालच्या चिखलावर किंवा गवतावर रोपं खोचू नका. भरतीचं पाणी तिथे फार वेळ उभं राहतं, रोपं वर्षात मरतात आणि गवतही जातं.

शेवटी तुमचे स्वयंसेवक. बंद क्षेत्रातलं काम ओहोटीला दोन-तीन मीटर पाण्यात असतं, त्याला मुखवटा, स्नॉर्कल आणि पाण्यात लिहायची पाटी पुरते. फेब्रुवारी-मार्चमध्ये कस्काझी मवाळ होतो, पाणी स्वच्छ असतं, तेव्हा या. येण्याआधी तीस माशांची स्वाहिली नावं पाठ करा, कारण मोजणीत जोडीला गावातला माणूस असणार आणि तो चांगु म्हणेल, एम्परर म्हणणार नाही. पहिल्या दोन दिवसांचे आकडे फेकून द्यायचे, ते लांबीचा अंदाज बसवण्यासाठी. पाण्याखाली मासा पाऊणपट अंतरावर आणि सुमारे एक तृतीयांशाने मोठा दिसतो, म्हणून आधी ठरावीक लांबीच्या लाकडी पट्ट्यांवर सराव करा. सिलिंडर लागतील ते फक्त कडेच्या बाहेर, आठ-दहा मीटरवर, मोजणी करायची असेल तर, आणि तेव्हा होडी व नाखवा त्याच गावातले घ्या.